जुनी गाडी विकताना ‘शेवटची किंमत’ कशी ठरवावी?



अकरावी-बारावीच्या अर्थशास्त्रात ‘संधी खर्च’ ही संकल्पना आपण शिकतो. व्याख्या पाठ होते, दोन गुणही मिळतात. पण हीच संकल्पना मी वर्गात पंधरा वर्षं शिकवली आणि स्वतःच्या दारात विसरलो. त्याची किंमत मला साडेएक्कावन्न हजार रुपये पडली. आजचा पाठ त्यावरच आहे.

प्रसंग

साताऱ्यात माझी २०१५ सालची पेट्रोल हॅचबॅक होती. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आली, तेव्हापासून गाडी पार्किंगमध्येच उभी असायची. त्याच जुलैत मुलीच्या वसतिगृहाची आणि कॉलेजची फी भरायची होती. म्हटलं, गाडी विकून टाकू.

जाहिरात टाकल्यावर पहिल्याच आठवड्यात एक गृहस्थ दोन मित्रांना घेऊन आले. बोनेट उघडलं, टायर दाबून पाहिले, एक चक्कर मारली. मग चहा पिता पिता तो ठरलेला प्रश्न आला, “सर, शेवटचं किती?”

मी काहीच ठरवलेलं नव्हतं. तोंडातून निघालं, “दोन लाख ऐंशी.” ते म्हणाले, “दोन तीस देतो, आत्ता टोकन घ्या.” मला तो अपमान वाटला. नुकतेच बावीस हजारांचे टायर टाकले होते मी! “नाही जमणार,” म्हणून मी त्यांना वाटेला लावलं.

फीची तारीख आली. आमच्या हिने न बोलता पाटल्या काढून दिल्या आणि बँकेतून सोनेतारण कर्ज घेतलं. गाडी विकली गेली तीन महिन्यांनी, एक लाख अठ्ठ्याण्णव हजारांना. मधल्या काळात विम्याचे ९,०००, पार्किंगचे ४,५०० आणि कर्जाच्या व्याजाचे ६,००० गेले. म्हणजे हातात खरे उरले १,७८,५००. आता नाकारलेल्या २,३०,००० मधून ते वजा करून बघा.

चूक भाव करण्यात झाली नव्हती. चूक त्याच्या आधी झाली होती. खाली कुठपर्यंत जायचं, हे मी घरी बसून ठरवलंच नव्हतं.

तळाची किंमत म्हणजे काय?

विक्रेत्याच्या मनात तीन किमती असायला हव्यात.

१. सांगायची किंमत: जाहिरातीत लिहितो ती.
२. अपेक्षित किंमत: साधारण इतके मिळावेत असं वाटतं ती.
३. तळाची किंमत: हिच्याखाली एक रुपयाही गेला तर सौदा न केलेला बरा, ती. अर्थशास्त्रात हिला राखीव किंमत म्हणतात.

तळाची किंमत ठरवणारा प्रश्न एकच आहे: हा गिऱ्हाईक उठून गेला, तर माझ्याकडे दुसरा सर्वांत चांगला पर्याय कोणता, आणि त्यातून माझ्या हातात किती पडतील? हाच तुमचा संधी खर्च. बाकीच्या गोष्टी मनाला कितीही पटल्या तरी तळ ठरवत नाहीत.

तळ कशावरून ठरवू नये?

*खरेदीची किंमत आणि केलेला खर्च.* गाडी साडेपाच लाखांना घेतली, टायरला बावीस हजार घातले; हे पैसे गेले. आता गाडी विका किंवा ठेवा, ते परत येणार नाहीत. याला बुडीत खर्च म्हणतात. नवे टायर पाहून गिऱ्हाईक थोडे जास्त देईल, ते जरूर घ्या. पण त्याने तुमच्या पावतीची भरपाई करावी ही अपेक्षा चुकीची.

*आपली गरज.* “मला फीसाठी अडीच लाख हवेत, म्हणून अडीचच्या खाली देणार नाही.” हे वाक्य आपण सगळे बोलतो. पण आपली गरज गाडीची किंमत वाढवत नाही. उलट गरजेला तारीख असेल तर आपला तळ खालीच जातो. तो नेमका किती खाली जातो, हे पुढे बघू.

*जाहिरातींतले भाव.* तसल्याच गाडीला कोणी २,९०,००० लिहिलेत, म्हणून तो बाजारभाव होत नाही. तो मागितलेला भाव आहे, मिळालेला नव्हे. शिवाय महिनाभर तशीच पडून असलेली जाहिरात म्हणजे त्या भावाला गाडी न गेल्याचाच पुरावा.

*विम्याच्या कागदावरची आयडीव्ही.* पाच वर्षांपेक्षा जुन्या गाडीची आयडीव्ही विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. ती विम्यासाठीची रक्कम आहे; विक्रीची हमी नाही.

आणि पाचवी गोष्ट, जी कागदावर नसतेच: *माया*. १९९० साली काहनेमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले, काहींना दिले नाहीत. ज्यांच्याकडे मग होता त्यांनी तो विकण्यासाठी मागितलेली किंमत, ज्यांच्याकडे नव्हता ते द्यायला तयार असलेल्या किमतीच्या साधारण दुप्पट निघाली. मग हातात येऊन काही मिनिटंच झाली होती! आपण तर त्या गाडीतून मुलीला पहिल्या दिवशी शाळेत सोडलेलं असतं. तेव्हा आपल्याला सुचलेला पहिला आकडा चढाच असणार, हे धरूनच चाला.

आता गणित मांडू

खालचे आकडे माझ्या गाडीचे, त्या पहिल्या आठवड्यातले. तुम्ही तुमचे घाला.

पायरी १: आज विकायचीच ठरवली तर?
जुन्या गाड्यांच्या दोन-तीन व्यापाऱ्यांकडून भाव घ्या. तोंडी नको, “आज गाडी सोडली तर हातात किती?” असं विचारा. मला सर्वांत जास्त भाव मिळाला २,०५,०००, त्यातून कागदपत्रांचे ४,००० कापणार होते.
हातात: २,०१,०००.

व्यापारी कमी का देतो? त्याला पुढे विकायची आहे, नफा हवा आहे आणि आत काय दडलंय याची धास्तीही आहे. ही धास्ती अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० च्या आपल्या प्रसिद्ध लेखात जुन्या गाड्यांचंच उदाहरण घेऊन समजावली. गाडीची खरी हालत विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा चांगल्या गाडीलाही सावधपणे कमीच भाव लावतो. २००१ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना दोघांसोबत विभागून मिळालं. आपण यातून काय घ्यायचं? सर्व्हिसिंगची सगळी बिलं फाइलला लावा आणि दोष स्वतःहून सांगा. धास्ती कमी झाली की भाव वाढतो.

पायरी २: महिनाभर थांबलो तर?
माझा अंदाज होता की महिन्याभरात २,४५,००० देणारा भेटण्याची शक्यता निम्मी. नाही भेटला तर व्यापाऱ्याकडे जावं लागणार, आणि तोवर तो उतरून हातात १,९५,००० देणार. असा प्रसंग दहा वेळा आला असता तर पाच वेळा २,४५,००० आणि पाच वेळा १,९५,००० मिळाले असते. सरासरी २,२०,०००.

पण थांबणं फुकट नसतं. वजा करा:

- बारा दिवसांत येणारा विम्याचा हप्ता: ९,०००
- पार्किंगचं भाडं: १,५००
- जाहिरात, पेट्रोल, धुलाई: १,५००
- फीसाठी घेतलेल्या दोन लाखांचं महिन्याचं व्याज: २,०००

एकूण १४,०००. म्हणजे थांबण्याची आजची किंमत २,०६,०००.

इथे गरजेचं उत्तर मिळालं, पाहिलंत? घाईमुळे तळ खाली जातो, पण तो किती जातो? तेवढे पैसे दुसरीकडून महिनाभर उभे करायला जितका खर्च येतो तितकाच. माझ्या बाबतीत फक्त दोन हजार. “नड आहे” म्हणून वीस-तीस हजार सोडून देणं ही जशी चूक, तशीच “नड आहे” म्हणून भाव चढा धरणं हीसुद्धा चूक.

पायरी ३: दोन्हींतला मोठा आकडा घ्या.
२,०१,००० आणि २,०६,००० यांतला मोठा २,०६,०००.

पायरी ४: या गिऱ्हाइकाची खास यातायात मिळवा.
आरटीओची चक्कर, एजंटची फी वगैरे २,०००. गिऱ्हाईक परराज्यातला असेल तर ना-हरकत दाखल्याचा व्याप आणि वेळ वाढतो. तो खर्च इथेच धरा.

तळाची किंमत: २,०८,०००.

आणि मी २,३०,००० ला नाही म्हटलं होतं. हे गणित मांडायला मला दहा मिनिटं लागली असती.

तळ फक्त रुपयांचा नसतो

समजा कोणी २,२०,००० देतो, पण म्हणतो, “नावावर नंतर करून घेऊ.” आकडा तळाच्या वर आहे, सौदा मात्र तळाच्या खाली आहे. का?

आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्याने मालक. २०१८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की गाडी विकून ताबा दिला असला, तरी नोंदीत नाव जुन्याच मालकाचं असेल तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येते. बारा हजार जास्त घेऊन हा धोंडा गळ्यात कशाला बांधून घ्यायचा?

म्हणून किमतीसोबत या अटीही चिठ्ठीवर लिहा:

- पूर्ण पैसे खात्यात आल्याशिवाय किल्ली आणि आरसी द्यायची नाही.
- नमुना २९ आणि ३० वर सह्या झाल्याच पाहिजेत. राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत आरटीओला कळवायचं असतं.
- गाडीवर कर्ज होतं? मग बँकेचा ना-हरकत दाखला आणि नमुना ३५ आधी तयार ठेवा.
- ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्या.
- दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख स्वीकारू नका. आयकर कायद्यात त्यावर तेवढाच दंड आहे.
- ई-चलन भरून टाका, फास्टॅग बंद करा. ‘नो क्लेम बोनस’ गाडीचा नसतो, तुमचा असतो. पुढे नवी गाडी घेणार असाल तर विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या.

दारात बोलताना

बैलबाजारात व्यापारी रुमालाखाली बोटं धरून सौदा करायचे, हे तुम्ही आजोबांकडून ऐकलं असेल. भाव दोघांतच राहायचा. तुमची तळाची किंमत तर त्याहून आत ठेवायची. ती समोरच्याच्या बोटांनाही कळू नये.

“शेवटचं किती?” याला उत्तर तळाचा आकडा नव्हे. “गाडी बघून झाली ना? आता तुम्ही सांगा, किती जमतंय?” असं म्हणा. मग हळूहळू उतरा: आधी दहा हजार, मग पाच, मग दोन. उतरण्याची पायरी लहान होत गेली की समोरच्याला कळतं, आता फार उरलेलं नाही.

आणि तळ दारात बदलायचा नाही. नवी माहिती मिळाली, उदाहरणार्थ मेकॅनिकने खरंच क्लच गेल्याचं दाखवलं, तर “उद्या सांगतो” म्हणा, आत जा, चिठ्ठी काढा, गणित पुन्हा मांडा. चिठ्ठी घरातल्या माणसासमोर लिहा. मी लिहिली असती, तर त्या दिवशी स्वयंपाकघरातून हाक आली असती, “अहो, जरा आत या.”

सरावासाठी

१. वरच्या उदाहरणात विम्याचा हप्ता भरून टाकला. बाकी आकडे तेच ठेवून नवा तळ काढा.

२. हप्ता अजून भरायचा आहे, पण तीन आठवड्यांत एकच फोन आला. म्हणून २,४५,००० मिळण्याची शक्यता निम्म्याऐवजी पाचात एक धरा. तळ किती?

३. एका गिऱ्हाइकाने २,१२,००० सांगितले, पण पन्नास हजार “पुढच्या महिन्यात देतो” म्हणाला. सौदा कराल का? कारण लिहा.

४. घरातली विकण्याजोगी एखादी जुनी वस्तू निवडा (सायकल, फ्रिज, मोबाईल) आणि चारही पायऱ्या लिहून तिची तळाची किंमत काढा.

उत्तरं: (१) भरलेला हप्ता आता बुडीत खर्च. थांबण्याचा खर्च ५,००० उरतो. २,१५,००० अधिक २,०००, म्हणजे तळ २,१७,०००. तळ वर गेला! (२) सरासरी २,०५,०००, वजा १४,०००, म्हणजे १,९१,०००. आता व्यापाऱ्याचे २,०१,००० मोठे; म्हणून तळ २,०३,०००. (३) आकडा तळाच्या वर दिसतो, पण हातात १,६२,००० च येतात आणि गाडी गेल्यावर बाकी वसूल करायची जबाबदारी आपली. पूर्ण पैसे आल्याशिवाय किल्ली नाही, ही अट मोडते. (४) हे उत्तर तुमच्या वहीत.

पाटल्या नोव्हेंबरात सोडवून आणल्या. त्या दिवशी बँकेच्या पावतीच्या मागे मी हे गणित पहिल्यांदा मांडलं. तुम्ही ते जाहिरात टाकायच्या आधी मांडा.