विशेषनामांचे मराठीकरण : ‘गुंथर’ या जर्मन नावाचा अभ्यास

४.१ उद्दिष्ट

परभाषेतील विशेषनाम मराठीत येताना त्याचे रूप का बदलते, हे या पाठाच्या अभ्यासानंतर आपणांस सोदाहरण सांगता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, धनगरांच्या लोकदैवतांचा अभ्यास करताना गुंथर सोंथायमर (१९३४–१९९२) हे नाव टाळता येत नाही. हायडेलबर्ग विद्यापीठातील या संशोधकाचा बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा यांवरील जर्मन ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे नाव मराठीत गुंथर, गुंटर, ग्युंटर असे निरनिराळे लिहिता येते. मग शुद्ध रूप कोणते मानावे?

४.३ नावाची घडण

हे नाव सामासिक आहे. जुन्या जर्मनमधील ‘गुंड’ म्हणजे युद्ध आणि ‘हेरी’ म्हणजे सैन्य. (मराठीतील ‘गुंड’ या शब्दाशी त्याचा संबंध जोडू नये.) आपल्याकडील ‘वीरसेन’ या नावाची घडण अशीच आहे. सुमारे १२०० मधील ‘निबेलुंगेनलीड’ या महाकाव्यातील बर्गंडीच्या राजाचे नाव गुंथरच आहे. पुढे ‘हेरी’तील हकार उच्चारातून लोपला, लेखनात मात्र बहुधा टिकला. १९९९ चे नोबेल पारितोषिक मिळविणारे कादंबरीकार ग्युंटर ग्रास यांच्या नावात तो लेखनातही नाही.

४.४ मराठीतील रूपांतर

या नावातील पहिला स्वर उच्चारताना ओठ ‘उ’प्रमाणे गोल होतात, जीभ मात्र ‘इ’च्या स्थानी असते. असा स्वर मराठीत नसल्याने आपण ‘उ’ किंवा ‘यु’ योजतो. पुढील ‘टी-एच’ या अक्षरांचा जर्मन उच्चार ‘ट’सारखा आहे, रोमन लेखन पाहून आपण तेथे ‘थ’ वाचतो. म्हणजे ‘ग्युंटर’ हे रूप कानाने आले, तर ‘गुंथर’ हे डोळ्यांनी.

आडनावात स्थिती वेगळी आहे. ‘सोंटहाइम’ हे गावाचे नाव. त्यातील ‘हाइम’ म्हणजे घर, वस्ती. तेथे ‘ट’ आणि ‘ह’ दोन्ही स्वतंत्रपणे उच्चारले जातात. शेवटचा ‘-अर’ हा प्रत्यय आपल्या ‘लोणारकर’मधील ‘-कर’चे कार्य करतो.

४.५ आपल्या जिल्ह्याचे उदाहरण

‘बुलढाणा’ आणि ‘बुलडाणा’ ही दोन्ही रूपे आपण पाहतो. ‘भिलठाणा’ ही सांगितली जाणारी व्युत्पत्ती स्वीकारल्यास येथेही महाप्राणत्व दुसऱ्या पदातून आलेले आहे. एका रूपाने ते राखले, दुसऱ्याने सोडले. म्हणून लेखनभेद दिसताच ‘अशुद्ध’ असा शेरा मारण्यापूर्वी ते रूप कोणत्या वाटेने आले, हे तपासावे. लेखनात मात्र एकच रूप निवडून ते अखेरपर्यंत पाळावे.

आपली प्रगती तपासा

१. ‘गुंथर’ आणि ‘ग्युंटर’ या रूपांतील भेदाची कारणे लिहा.
२. आपल्या तालुक्यातील दोन ग्रामनामांची बोलीतील व लेखनातील रूपे नोंदवून त्यांची तुलना करा.