क्षयरोग आणि रोजची भाकर

क्षयाचे जंतू श्वासावाटे कोणाच्याही फुफ्फुसांत शिरतात. परंतु अर्धपोटी देहात ते लवकर बळावतात. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते, हे खरे. पण कर्त्याची मजुरी बुडाली की चूल थंडावते, आणि त्याच घरातील दुसरे कोणी खोकू लागते.

झारखंडात २०१९ ते २०२२ या काळात संशोधकांनी रुग्णांच्या कुटुंबीयांनाही तांदूळ, डाळ व जीवनसत्त्वे पुरविली. केवळ रुग्णालाच शिधा मिळालेल्या घरांपेक्षा तेथे नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी आढळले. याकोबाचे पत्र २:१५-१६ या आकड्याशेजारी ठेवून वाचावे. आपल्या रुग्णभेटीत प्रार्थना होते, फळेही नेली जातात. मुलांच्या ताटात काय आहे, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही.