जुन्या सुतारयंत्राचे सुटे भाग कसे ओळखाल?

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात किंवा मायदेशी परत निघालेल्या शेजाऱ्याकडे तुम्हाला एक जुने बहुउपयोगी सुतारयंत्र मिळाले, असे समजा. एकाच मोटरवर करवत, लेथ आणि ड्रिल. सोबत खोकाभर सुटे भाग: चक, पाती, पॉलिशची चकती. यूएईत जगभरची माणसे सामान आणतात आणि जाताना विकून टाकतात. त्यामुळे एकाच खोक्यात दोन-तीन देशांची मोजमापे निघतात. चुकीचा भाग फिरता फिरता सुटला तर थेट अंगावर येतो. म्हणून आधी ओळख पटवा, मग स्विच लावा.

1. मोटरची पट्टी वाचा. 60 हर्ट्झ आणि मिनिटाला 3450 किंवा 1725 फेरे लिहिले असतील, तर मोटर बहुधा अमेरिकेसाठी बनलेली आहे. 50 हर्ट्झच्या मोटरवर साधारण 2850 किंवा 1425 दिसतात. यूएईत वीज 50 हर्ट्झची आहे. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. त्यामुळे 115 व्होल्ट, 60 हर्ट्झची मोटर इथे सुमारे एक षष्ठांश हळू फिरते आणि जास्त तापते.

2. दांडा मोजा. आपले सुतार इंचाचे आठ भाग करतात, एक भाग म्हणजे एक सूत. 1947 साली बाजारात आलेल्या अमेरिकन शॉपस्मिथ 10ईआर यंत्राचा दांडा पाच सुताचा, म्हणजे 5/8 इंच किंवा 15.875 मिमी. त्यावर 16 मिमी भोकाचा भाग सहज जातो, पण 0.125 मिमी ढिला राहतो. स्क्रू आवळला की तो एका बाजूला सरकतो आणि फिरताना थरथरतो. मोजपट्टीवर हा फरक दिसत नाही, व्हर्नियर कॅलिपरच हवा.

3. आटे तपासा. ब्रिटिश व्हिटवर्थ आट्याचा कोन 55 अंश, अमेरिकन आट्याचा 60 अंश. अर्ध्या इंचाच्या स्क्रूवर दर इंचाला व्हिटवर्थचे 12 आणि अमेरिकन जाड आट्याचे 13 आटे असतात. तो एक-दोन फेऱ्यांत अडकतो, जोर लावू नका. पाव इंचाला मात्र दोन्हीकडे 20 आटे. तिथे स्क्रू पूर्ण आत जातो, पण नीट टेकत नाही आणि थरथरीने सैल होतो. हा खरा फसवा! थ्रेड गेज आट्यांना लावून उजेडासमोर धरा. फट दिसली तर कोन वेगळा.

4. साल ठरवा. ओतीव भागावर पेटंट क्रमांक असेल, तर त्या पेटंटचे साल ही सर्वात आधीची मर्यादा झाली: भाग त्याआधीचा नाही, नंतरचा कितीही असू शकतो. आट्यांवरून साल काढू नका. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने 1948 मध्ये 60 अंशांचा समान आटा मान्य केला, तरी व्हिटवर्थ पुढेही बराच काळ वापरात राहिला. वायर, रंग आणि मोटर बदललेली असू शकते, त्यांच्यावर एकट्यावर विसंबू नका.

ओळख पटलेल्या प्रत्येक भागाला मोजमाप लिहिलेली चिठ्ठी बांधा. ज्याची खात्री नाही, तो खोक्यातच राहू द्या.