घाटातली धाव: रविवारचा खर्च किती?

धावायला पैसे लागत नाहीत, असं न धावणारेच सांगतात. देवगाव रंगारीहून रविवारी पहाटे निघून वेरूळ-खुलताबादचा घाट धावून यायचं, तर माणशी एकशेचाळीस रुपये मोडतात. त्यात एका गाडीवर दोघं धरून पेट्रोलचे पन्नास, चहा-पोह्यांचे चाळीस आणि उरलेले पन्नास बुटाचे. हे शेवटचे पन्नास कुणी वहीत धरत नाही, म्हणून आधी त्यांचंच बोलू.

धावण्याचा बरा जोड पाचशे ते आठशे किलोमीटर टिकतो. तीन हजारांचा जोड सहाशे किलोमीटर चालला, तर एका किलोमीटरला पाच रुपये पडले. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरलं आणि मोटारसायकलने पन्नासचं अ‍ॅव्हरेज दिलं, तर गाडी किलोमीटरला दोन रुपये दहा पैशांत जाते. म्हणजे गाडीपेक्षा पाय महाग! तेव्हा घासाघीस करायची ती बुटावर करा, पण डोळे उघडे ठेवून. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडावर जीएसटी ५ टक्के आहे, त्यापुढे १८ टक्के. २,४०० आणि २,७०० च्या जोडांत दुकानदार ‘थोडाच फरक’ म्हणतो, तेव्हा त्या फरकात कराचा वाटा किती ते विचारा. नव्याने सुरुवात करणाऱ्याला अडीच हजारांच्या आतला जोड पुरतो. दहा हजारांच्या जोडाने घाट सपाट होत नाही.

बूट घ्यायला संध्याकाळी जा, तोवर पाय थोडे सुजलेले असतात. धावताना घालता तेच मोजे घाला, उभे राहा आणि सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याची रुंदी बसते का ते दाबून पाहा. उतारावर बोटं पुढे सरकतात. ही जागा नसेल तर खुलताबादहून खाली येईपर्यंत नख काळं पडलंच म्हणून समजा. तळवा पाहायचा तो आपल्या मातीच्या हिशेबाने. पावसाळ्यात शिवरस्त्याने धावलात तर काळी माती तळव्याला अशी चिकटते की शंभर पावलांत जोड दुप्पट जड होतो. खोल खाचांचा ‘ट्रेल’ बूट इथे उलटा त्रास देतो, कारण खाचांत रुतलेला चिखल काडीने उकरत बसावं लागतं. डांबरी घाटासाठी साधा रस्त्याचा बूट घ्या आणि जून ते सप्टेंबर पाणंदीला रामराम करा. भिजलेला जोड उन्हात टाकू नका. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत ठेवा, महिनाभर जास्त चालेल. बिल मात्र घ्याच. महिन्याभरात तळवा सुटला आणि दुकानदाराने हात वर केले, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे आणि तिथे बिलाशिवाय बोलणं पुढे सरकत नाही.

आता वाटा. गावात पहाटे पळणारी बहुतेक पोरं भरतीची असतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १,६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असतं आणि त्याला ५० पैकी २० गुण आहेत. त्या तयारीला सपाट, मोजलेली जागा हवी आणि ती शाळेच्या मैदानावर फुकट मिळते. घाट हा आठवड्यातून एकदा, दम वाढवायला. मोठ्या रस्त्यावर अंधारात धावायचं असेल तर चमकणारं जाकीट घाला. शे-दोनशे रुपयांत येतं. धावा उजव्या बाजूने, समोरून येणारी गाडी दिसेल अशा बेताने. ऊस-कापसाची वाहतूक सुरू झाली की ट्रॉलीला मागचा दिवा असेलच, या भरवशावर राहू नका.

खरी मजा वेरूळला. देवगावहून वीस-पंचवीस किलोमीटर; गाडी खाली लावायची आणि खुलताबादकडे चार-पाच किलोमीटरचा चढ घ्यायचा. मागे वळून पाहिलं की लेण्यांचा डोंगर आणि त्यापलीकडे पसरलेलं शेतशिवार. याला तिकीट नाही. लेणी पाहायची असतील तर भारतीयांना ४० रुपये लागतात आणि मंगळवारी लेणी बंद असतात. आत मात्र धावू नका, ती धावायची जागा नव्हे. श्रावणातले सोमवार घृष्णेश्वराच्या गर्दीचे. श्रावणातल्या शुक्रवारी रात्री संभाजीनगरहून भद्रा मारुतीला पायी येणाऱ्यांनी खुलताबादचा रस्ता भरलेला असतो. त्या रात्री धावण्यापेक्षा त्यांच्याबरोबर चालावं, असं माझं मत.

बायका-मुलींना एसटीत निम्मं भाडं आहे, १७ मार्च २०२३ पासून. एकटीने मोटारसायकल काढण्यापेक्षा ते स्वस्त पडू शकतं. प्रश्न पहिल्या गाडीच्या वेळेचा असतो. स्थानकावर आदल्या दिवशी विचारून ठेवा.

दम असेल तर खुलताबादहून पुढे म्हैसमाळ. साधारण बारा किलोमीटर जाणं आणि तेवढंच येणं, म्हणजे अर्ध्या मॅराथॉनपेक्षा जास्त. वर गिरिजादेवीचं मंदिर आहे, पावसात ढग रस्त्यावर उतरतात. सुट्टीच्या दिवशी सकाळी आठनंतर मात्र संभाजीनगरच्या गाड्यांची रांग लागते आणि वळणावर धावणारा माणूस कुणाला दिसत नाही. आल्प्समधलं शामोनी हे डोंगरात धावणाऱ्यांचं जगभरचं तीर्थ. ते गाव साधारण १,०३५ मीटरवर आहे; आपलं म्हैसमाळही नऊशेच्या पुढे आहे. तिथे भोवती हिमशिखरं आहेत, आपल्याकडे नाहीत, हे कबूल. पण तिकडे जायच्या शेंगेन व्हिसाचीच फी ९० युरो, म्हणजे नऊ हजारांच्या घरात. म्हैसमाळची फेरी देवगावहून पावणेदोनशेच्या पेट्रोलात होते. एका व्हिसात पन्नास फेऱ्या!

कन्नडच्या बाजूचं गौताळा सगळ्यांत देखणं आहे आणि तिथे धावू नका, असंच मी सांगेन. १९८६ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य सुमारे २६० चौरस किलोमीटरचं आहे. बिबटे आहेत, अस्वलं आहेत आणि २०२१ मध्ये टिपेश्वर अभयारण्यातून चालत आलेला वाघही इथे कॅमेऱ्यात दिसला. पळणारं काहीही दिसलं की पाठलाग करणं हा बिबट्याचा स्वभाव, आणि आपली धावायची वेळ तीच त्याची फिरायची. नाक्यावर शुल्क भरून, परवानगीच्या वेळेत चालत फिरा. दर तिथेच विचारा, ते बदलत असतात. खालचा कन्नड घाट तर राष्ट्रीय महामार्गच आहे. ३१ ऑगस्ट २०२१ ला तिथे दरडी कोसळल्या होत्या. धावण्यासाठी तो मनातून काढून टाका.

पाण्यावर पैसे घालवणारे फार. तासाभराच्या धावेला घरची बाटली पुरते. त्याहून लांब जायचं तर लिटरभर पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने; खर्च दोन-तीन रुपये. औषध दुकानातून ओआरएस घ्यायचं तर पुडी घ्या. फळांच्या चवीच्या गोड पेयांवर ‘ओआरएस’ लिहायला एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली आहे. जुना माल कुणी पुढे सरकवला तर परत करा. घड्याळ नको, फोनमधलं फुकटचं अ‍ॅप अंतर मोजतं.

स्पर्धेचा ‘बिब’, म्हणजे छातीवरचा क्रमांक, घेताना हजार-दीड हजार जातात. टी-शर्ट, पदक, नाश्ता त्यात असतो, पण रद्द केल्यावर पैसे परत मिळतील का, ते आधी वाचा. बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत.

राहिली कुत्री. घाटात नाही, वस्तीजवळ आडवी येतात. पळत सुटू नका. थांबा, त्यांच्याकडे पाठ न करता हळूहळू मागे सरका. चावलंच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा, हळद-मिरची काही लावू नका, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. तिथे रेबीजची लस मोफत असते. खासगीत एकेका डोसाला तीन-चारशे रुपये पडतात आणि डोस चार-पाच लागतात. जखम खोल असेल तर लसीबरोबर जखमेत द्यायचं रेबीजचं इंजेक्शनही मागा, नुसत्या लसीवर परत येऊ नका. घाटात पाय मुरगळला किंवा साप चावला तर १०८ ची गाडी फुकट येते; फोन करताना जवळचा किलोमीटरचा दगड वाचून सांगा.