परदेशी सफर : चलन आणि कार्ड

जानेवारी २०२३ मध्ये मोपा विमानतळ सुरू झाला आणि दोडामार्गकरांना विमान जवळ आले. दुबईच्या बाजारात माल पाहायला जाणाऱ्या व्यापारी बंधूंनी पैशांची तयारी मात्र घरूनच करावी.

चलन बँकेतून किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या मनी चेंजरकडूनच घ्यावे, पावती जपावी. ५०,००० रुपये व त्यावरील चलनाचे पैसे रोख देता येत नाहीत. चेकने अथवा खात्यातून द्यावेत. दुबईसाठी नोटा एका सफरीत ३,००० डॉलरपर्यंतच मिळतात, बाकी रक्कम कार्डावर. हज-उमराहचा नियम वेगळा आहे.

बँकेच्या नव्या कार्डावर २०२० पासून परदेशी व्यवहार बंद असतात. निघण्यापूर्वी ते सुरू करून घ्यावेत व बँकेचा आकारही विचारावा. दिरहम भरलेले फॉरेक्स कार्ड घेतल्यास दर इथेच ठरतो.

बँकेचे कार्ड वापरताना दुकानातील यंत्र विचारते : रुपयांत की दिरहममध्ये? दिरहमच सांगा. रुपये म्हटले की दर तिथला यंत्रवाला लावतो आणि तो बहुधा महाग पडतो. १,००० दिरहमच्या बिलावर चार टक्के जास्त लागले तर ४० दिरहम गेले. कापडाच्या धंद्यात इतका नफा मिळवायला किती तागे विकावे लागतात, याचा हिशेब प्रत्येकाने करावा.