गरोदरपणात दम्याचा पंप बंद करावा का?

प्रश्न : सुनेला लहानपणापासून दमा आहे. चौथा महिना लागल्यावर बाळाला बाधेल म्हणून तिने पंप बंद केला. पावसाळा तोंडावर आहे. काय करावे?
– एक वाचक, महाबळेश्वर

उत्तर : पंप बंद ठेवू नका, डॉक्टरांशी आजच बोलून पुन्हा सुरू करा. बाळाला प्राणवायू आईच्या रक्तातूनच मिळतो, त्यामुळे तिचा श्वास कोंडला की बाळालाही तो कमी पडतो. दमा आटोक्यात नसला तर रक्तदाब वाढणे, अपुऱ्या दिवसांची प्रसूती, कमी वजनाचे बाळ हे धोके वाढतात. ‘पण पंपात स्टेरॉइड असते ना?’ असते, मात्र मायक्रोग्रॅममध्ये, आणि बहुतांश फुफ्फुसातच काम करते. स्वीडनच्या जन्मनोंदींत सुरुवातीच्या महिन्यांत ब्युडेसोनाइड हे पंपातले स्टेरॉइड घेतलेल्या सुमारे 2,000 मातांच्या बाळांत जन्मजात व्यंगे वाढलेली आढळली नाहीत. गरोदरपणात दमा आपोआप कमी होतो, हेही खरे, पण साधारण एक तृतीयांश जणींचाच; तितक्याच जणींचा बळावतो, आणि आपली सून कोणत्या गटात हे आधी कळत नाही.

त्यात महाबळेश्वरचा पाऊस पाच हजार मिलिमीटरच्या वर. ओल्या भिंतींवरची बुरशी आणि कपडे वाळवायला पेटवलेल्या शेगडीचा धूर, दोन्ही दम्याला चिथावतात. शेगडी तिच्या खोलीबाहेर ठेवा, फ्लूची लस डॉक्टरांना विचारून घ्या. पंप घेऊनही धाप थांबली नाही, बोलताना वाक्य तुटू लागले, तर घाटातले धुके निवळायची वाट पाहू नका. लगेच १०८ ला फोन करा.