टर्बोचार्जर आणि पिस्टन-रिंगची फट

साध्या डिझेल एंजिनास टर्बोचार्जर जोडून त्याचे बळ वाढविण्याची कल्पना नवी नाही. आल्फ्रेड ब्युखी या स्विस एंजिनिअराने या युक्तीचे पेटंट १९०५ साली घेतले, आणि १९६१ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅलिस-चामर्स कंपनीने आपला डी-१९ हा डिझेल ट्रॅक्टर टर्बोसहच विक्रीस काढला. कारखान्यात बसविलेल्या टर्बोविषयी येथे काही सांगावयाचे नाही. आपल्या जुन्या ट्रॅक्टरास मागाहून टर्बो लावून घेऊ इच्छिणाऱ्या बागायतदारांनी एका लहानशा गोष्टीकडे दुर्लक्ष करू नये, एवढाच या लेखाचा हेतू आहे. ती गोष्ट म्हणजे पिस्टनवरील रिंगच्या दोन टोकांमधील फट.

ही फट मुद्दाम ठेविलेली असते. धातू तापला की वाढतो, व रिंग ही लायनरपेक्षा अधिक तापते. एक मीटर लांबीचे ओतीव लोखंड १०० अंश सेल्सियसने तापले, तर ते सुमारे १.१ मिलिमीटर वाढते. समजा, बोअर १०० मिलिमीटर आहे. त्यातील रिंगचा परीघ ३१४ मिलिमीटर भरेल. रिंग लायनरहून १०० अंशांनी अधिक तापली, तर तिची फट सुमारे ०.३५ मिलिमीटरने मिटेल. मूळची फट ०.४० असल्यास ०.०५ शिल्लक राहते, आणि एंजिन सुखाने चालते. पण हाच फरक १३० अंश झाला, की ०.४५ हवे, म्हणजे टोके एकमेकांस भिडली!

भिडल्यावर रिंगला वाढावयास जागा उरत नाही. ती लायनरवर घट्ट दाबली जाते, तेलाचा पापुद्रा तुटतो, लायनरवर चरे पडतात, आणि प्रसंगी रिंग किंवा पिस्टनची खाच फुटते. केवळ हवा वाढविली व डिझेल पूर्वीइतकेच ठेविले, तर धोका थोडा. परंतु बळाच्या लोभाने बहुधा पंपाचे डिझेलही वाढवितात, आणि खरी उष्णता तेथे वाढते. बाजाराच्या रस्त्यावर हा दोष कळून येत नाही. काळ्या जमिनीत खोल नांगरटीस तासन् तास पूर्ण भार पडला म्हणजे तो उघड होतो.

साध्या एंजिनात बोअरच्या दर मिलिमीटरास ०.००४ मिलिमीटर फट, आणि टर्बो लावल्यास ०.००५ ते ०.००६, असा ढोबळ हिशेब आहे. १०० च्या बोअरास ०.५० ते ०.६०. त्याच एंजिनाचा टर्बो प्रकार कंपनी विकत असेल, तर मात्र तिच्या पुस्तकातील आकडाच प्रमाण मानावा, आणि शक्य तर पिस्टनही त्याच प्रकाराचे घ्यावे. फट किंचित मोठी झाल्याने थोडा वायू खाली उतरतो, ब्रीदरमधून धूर थोडा अधिक दिसतो, इतकेच. लहान राहिल्याने एंजिन जाते. तेव्हा संशय आल्यास मोठ्या बाजूस चुकावे.

मोजणी मिस्त्रीकडून आपल्या समोर करवून घ्यावी. रिंग एकटीच लायनरमध्ये घालून उलट्या पिस्टनने सरळ खाली लोटावी व फिलर गेजने फट पाहावी. लायनर झिजलेला असल्यास वरच्या भागात फट फसवी मोठी दिसते (०.१ मिलिमीटर झिजेस ०.३ हून अधिक!), म्हणून खालच्या न झिजलेल्या भागातही मोजावे. फट वाढविणे झाल्यास बारीक कानशीने एकच टोक घासावे, आणि तेही बाहेरच्या कडेकडून आत, म्हणजे बाहेरील मुलामा उडत नाही. मग टोकाची धार तेलाच्या दगडाने मोडावी. जी रिंग ज्या सिलिंडरात मोजली, ती त्यातच बसवावी.